अडेलची तबकडी

अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात कुणाकडे जुनी रेकॉर्ड निघाली की ती श्रीरंगकाकांकडे जाणार, हे ठरलेलं. काकांनी मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेली. रिटायर झाले तरी हात स्वस्थ बसत नव्हते. लोकांच्या एलपी पुसायच्या, कॉम्प्युटरवर उतरवून द्यायच्या आणि वर धुळीबद्दल दोन शब्द सुनवायचे. धुळीशी त्यांचं जन्माचं वैर. गिअर असो की नाट्यगीत, आधी अल्कोहोलचा बोळा फिरणार, मग पुढचं बोलणं.

मंगळवारी ते मंडळातर्फे डेट्रॉइटच्या एका वृद्धाश्रमात जेवण पोचवत. तिथे लोरेनबाई भेटल्या. चौऱ्याण्णव वर्षांच्या, कृष्णवर्णीय, दृष्टी पार गेलेली. काकांच्या हातची साबुदाण्याची खिचडी त्यांना का आवडायची, देव जाणे.

त्यांची आई अडेल शंभर वर्षांपूर्वी बापाबरोबर दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातून या शहरात आली. बाप कारखान्यात भट्टीवर, आणि चर्चमध्ये मोठा मान. पोरगी दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची. तेव्हा सगळंच उलटंपालटं होत होतं. पोरी केस कापत होत्या, स्कर्ट गुडघ्यापर्यंत चढले होते, दारूला बंदी होती म्हणून गल्लोगल्ली चोरून दारू होती, आणि जिकडेतिकडे जॅझ. अडेलनेही वेणी कापली आणि नाचघरात गायला लागली. हे सैतानाचं गाणं म्हणून बापाने तिला दार बंद केलं. एका कंपनीने तिचं एक गाणं नमुन्यादाखल ध्वनिमुद्रित केलं, पण बाजारात आणलंच नाही; नमुन्याची एकुलती एक तबकडी तेवढी अडेलकडे राहिली. लोरेन तीन वर्षांची असताना अडेल वारली. पोरीला अडेलच्या त्याच बापाने सांभाळलं, पण त्याच्या घरात ते गाणं वाजणं शक्य नव्हतं. पुढे लोरेनबाईंनीच वाजवलं नाही. दर वेळी सुई थोडं खरवडून नेते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

त्यांनी उशाखालून तबकडी काढली आणि तिच्यावरून नख फिरवलं. बारीक करकर झाली.

"आईचा एवढाच आवाज मी ऐकलाय," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, महिनाभर. मिस्टर श्री, मला ती एकदा गाताना ऐकायचीय."

काकांनी तबकडी लेकरासारखी छातीशी धरून घरी आणली. गाणं एकाच बाजूला होतं. आधी पुसायला नको का? बोळा भिजवून फिरवला तर काळाकुट्ट झाला. काका खूश. केवढी ही घाण, म्हणत त्यांनी आणखी जोर लावला.

स्वयंपाकघरातून रत्नाकाकू आल्या. "हे काय करताय? साताऱ्याला तुमच्या घराशेजारचे सुतार पॉलिशसाठी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचे, तसला वास येतोय."

काकांचा हात थांबला. चपडा म्हणजे लाख. एलपी प्लॅस्टिकची, पण त्याआधीच्या तबकड्या लाखेच्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे त्या सुतारापाशी बसून ते दहाव्या वर्षी शिकले होते. माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय उरली नाही. ती घाण नव्हती. ती अडेल होती.

त्यांनी तबकडी सुकवून लावली. नुसती खरखर. मधोमध चिकटवलेल्या गोल कागदाजवळ बोळा पोचला नव्हता तेवढ्या बोटभर जागेत वाद्यं वाजली आणि गाणं संपलं. काकांनी सुई पुन्हा ठेवली. पुन्हा ठेवली. वीसेक वेळा तरी ठेवली असेल. मग ते जमिनीवर बसून रडले. काकूंनी त्यांना लग्नानंतर प्रथमच रडताना पाहिलं.

काकूंनी कळवलं तसा रुहीचा, लेकीचा, शिकागोहून फोन आला. "बाबा, लिसन. त्या टाइमचं कुठलंही साँग प्ले करा. शी विल नेव्हर नो. शी विल डाय हॅपी."

काकांना ते पटलं. खरं तर ते बुडत होते, आणि हाताला लागेल ते धरत होते. त्यांनी एका कोवळ्या आवाजाचं, कुणाला ठाऊक नसलेलं गाणं शोधून फोनवर घेतलं.

मंगळवारी खोलीत शिरले तर लोरेनबाई केस विंचरून, मोत्यांची माळ घालून बसल्या होत्या. काकांनी तबकडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि फोन काढला. अंगठा बटणावर होता.

लोरेनबाईंनी सवयीने नख फिरवलं. आवाज झाला नाही. पुन्हा फिरवलं. नख घसरत गेलं.

काकांनी फोन खिशात टाकला आणि सगळं सांगितलं. अल्कोहोल, लाख, सुतार, सगळं. 

 लोरेनबाईंचं नख कडेपासून आत सरकत राहिलं. मधल्या कागदापाशी पोचलं तेव्हा बारीक करकर झाली.

"इथे आहे," त्या म्हणाल्या. "इथे ती आहे का?"

काकांना हो म्हणायचं होतं. एवढं तरी द्यायचं होतं.

"नाही," ते म्हणाले. "तिथे फक्त वाद्यं आहेत. तिचं गाणं तोवर संपलंय."

लोरेनबाईंनी मान डोलावली आणि नख तिथेच फिरवत राहिल्या.