वाटीचं बूड

नव्या घरात खिळा ठोकायचं मन होईना, म्हणून मुलीने दिलेला जुना नकाशा मी तात्पुरता चिकटपट्टीने भिंतीला लावला. शिडाच्या जहाजातून पॅसिफिकमध्ये गेलेल्या युरोपियन खलाशांनी काढलेलं ते एका बेटाचं बंदर. जमीन जवळजवळ कोरी; पाण्यावर मात्र आकडेच आकडे, आणि मध्येच वाळू, चिखल, शिंपले असे शेरे.

हे लोक दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडत. वजनाच्या बुडाला चरबी थापलेली असे. तळाशी जे असेल ते तिला चिकटून वर येई आणि इथे नांगर धरेल की नाही, ते कळे.

"नकाशा काय बघताय? समोर ही वाटी देऊन या," बायको म्हणाली. वाटीत भरली वांगी होती.

समोरच्या बाईंनी वाटी घेतली, "बरं" म्हणाल्या आणि दार लावलं.

"इथं आपलं काही जमायचं नाही," मी घरात येऊन जाहीर केलं.

"अहो, वाटी परत तर येऊ दे."

संध्याकाळी बेल वाजली. आपल्यात वाटी कधी रिकामी परत करत नाहीत. बाईंनी ती जवसाच्या चटणीने काठोकाठ भरून आणली होती. "वहिनी, जरा झणझणीत झालीय हं," म्हणत त्या चक्क हसल्या.

बायकोने बोटाने चटणी चाटली. डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा चाटली.

मी विचारलं, "खिळे कुठल्या खोक्यात आहेत गं?"