घर चालत दहा मिनिटांवर असताना

दोन वर्षांपूर्वी मुलीला गुजरातेत कॉलेजच्या हॉस्टेलवर सोडायला आम्ही सांगलीहून गाडीने निघालो होतो. मी, नवरा, मुलगी आणि माझे बाबा. बाबांचं वय तेव्हा एक्क्याऐंशी. त्यांना चार दिवस एकटं ठेवण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनाही घेतलं. मागच्या सीटवर गादीची वळकटी आणि बादली यांच्या मधोमध ते आनंदाने बसले होते. कारण एकच होतं. वाटेत ठाण्याला मुक्काम ठरला होता, नौपाड्यात, माझ्या भावाकडे.

त्या घरात मी लहानाची मोठी झाले. बाबांनी त्या घरात बेचाळीस वर्षं काढली. आई गेल्यावर मी त्यांना चार दिवस बदल म्हणून सांगलीला घेऊन आले, ते इथेच राहिले. त्यालाही तेव्हा सहा वर्षं झाली होती. मधल्या काळात जुनी इमारत पाडून नवी उभी राहिली. नवं घर बाबांनी अजून पाहिलंच नव्हतं. दर वेळी काहीतरी निघायचं. कधी फर्निचरचं काम, कधी वहिनीच्या पाठीचं दुखणं, कधी भाच्याच्या परीक्षा.

पंधरा दिवस आधी मी दादाला फोन केला होता. तो म्हणाला होता, ये की, त्यात विचारायचं काय. मी तेवढ्यावर विसंबले.

दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही खालापूरला थांबलो. बाबा जावयाचा हात धरून बाथरूमला गेले होते, तेवढ्यात दादाचा फोन आला. वहिनीचे आईवडील अचानक आलेत, घरात पाय ठेवायला जागा नाही, असं तो म्हणाला. ठाण्यात आता एकापेक्षा एक हॉटेलं झालीत, बाबांनाही तिथेच आराम मिळेल, असंही म्हणाला. मी म्हटलं, निदान बाबांना तरी तुझ्याकडे झोपव. तो म्हणाला, "अगं, त्यांना रात्री दोनदा उठावं लागतं ना. सगळ्यांचीच झोपमोड होते."

बाबा परत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की दादाकडे रंगाचं काम काढलंय, घरभर वास आहे, आपण लॉजवर उतरू. त्यांनी मान डोलावली. कुठला रंग देतायत, एवढंच विचारलं. मी म्हटलं, पांढरा.

शीळफाट्याला तासभर अडकलो. नवरा स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता आणि मी मोबाइलवर खोल्या शोधत होते. आमच्या अटी फार नव्हत्या. लिफ्ट हवी किंवा खोली तळमजल्यावर, कमोड हवा, दाराला धड कडी हवी, आणि भाडं आम्हा पगारदारांना झेपेल असं. फोटोत सगळ्याच खोल्या चांगल्या दिसतात. त्यातली स्टेशनजवळची एक मी बुक केली.

कळव्याचा पूल ओलांडून ठाण्यात शिरलो तसे बाबा खिडकीकडे सरकले आणि नातीला दुकानं दाखवायला लागले. इथे चपलांचं दुकान होतं, इथे डॉक्टर बसायचे. त्यातलं निम्मं आता उरलेलं नव्हतं. तरी ती हो हो म्हणत होती.

बुक केलेल्या लॉजला लिफ्ट होती, पण बंद. काउंटरवरच्या माणसाने आधी माझ्या मुलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि विचारलं, "कितने घंटे के लिए?" नवऱ्याचे कान लाल झाले. पूर्ण रात्रीचं बुकिंग आहे, फॅमिली आहे, असं तो सांगत असताना जिन्यावरून दोन पुरुष खाली आले आणि मुलीला घासून गेले. जागा सगळी मोकळी असताना. आम्ही उलट्या पावली गाडीत येऊन बसलो. अठरा वर्षांची माझी मुलगी खिडकीच्या काचेकडे तोंड करून बसली.

हायवेवरचं मोठं हॉटेल स्वच्छ होतं, दारात सलाम करणारा वॉचमन होता. भाडं ऐकून आम्ही आभार मानले आणि बाहेर पडलो.

तिसरी जागा नौपाड्याच्याच एका गल्लीत सापडली. जुन्या वळणाचं, फक्त कुटुंबांसाठी चालवलेलं लॉज. फरशी लखलखीत, लिफ्ट चालू, भाडं परवडणारं. काउंटरवर पंचावन्न-साठचे एक गृहस्थ चष्मा नाकावर घेऊन बसले होते. मला इतकं हायसं वाटलं की मी नवऱ्याला सामान काढायलाही सांगितलं. त्या गृहस्थांनी चौघांची आधार कार्डं मागितली आणि एकेक वहीत उतरवायला घेतलं. बाबांच्या कार्डापाशी त्यांचं पेन थांबलं.

"आजोबांचा पत्ता नौपाड्याचा आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो, पण ते आता आमच्याकडे असतात. पत्ता बदलायचा राहून गेला. हे खोटं नव्हतं. मी पाच-सहा वेळा तरी बाबांच्या मागे लागले होते. ते दर वेळी म्हणायचे, कशाला, मी जाणारच आहे ना परत.

"लोकल आयडीवर आम्ही खोली देत नाही. सगळीकडे हाच नियम आहे. चेकिंग असतं." त्यांनी कार्ड पुन्हा नीट वाचलं. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, खरंच कोडं पडल्यासारखं त्यांनी विचारलं, "हे घर तर इथून चालत दहा मिनिटांवर आहे. मग लॉजवर कशाला उतरताय?"

मी उत्तर जुळवायच्या आत बाबाच बोलले. "तिथे रंगाचं काम चाललंय."

मी सांगितलेली थाप त्यांनी जशीच्या तशी पुढे सरकवली. गृहस्थ हळहळले, पण कार्डं त्यांनी परत केली. नवऱ्याने खूप विनवलं. तिघांची कार्डं सांगलीची आहेत, म्हातारा माणूस आहे, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. ते म्हणाले, तुम्हा तिघांना देतो, आजोबांना नाही देता येणार. बाबा लगेच म्हणाले की मी गाडीत झोपतो, मला काही होत नाही. मी त्यांच्यावर ओरडले. सगळ्या दिवसाचा राग मी त्यांच्यावर काढला, तिथे, परक्या माणसासमोर. ते लिफ्टशेजारच्या खुर्चीवरून उठले आणि चालायला लागले.

तिथून बाहेर पडायचा रस्ता वन-वे होता आणि तो नेमका आमच्या इमारतीवरून जात होता. पुढे एक टेम्पो माल उतरवत होता, म्हणून गाडी बरोबर समोरच थांबली. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. मी वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. बाबांनी मात्र काच खाली केली आणि बोटाने मजले मोजले. तिसऱ्या मजल्यावर दिवे लागले होते. खिडकीत वहिनी दिसली. तिने बाहेर वाळत घातलेला टॉवेल काढला, पडदा ओढला आणि आत गेली. नवा, मोठ्या फुलांचा पडदा.

"रंगाचं काम असलं की पडदे काढून ठेवतात," बाबा म्हणाले.

नवऱ्याने विचारलं, मी वर जाऊन बोलून येऊ का. बाबांनी सांगितलं, "नको. गाडी पुढे घ्या."

वर पाहुणे खरंच होते की नव्हते, हे मला आजतागायत माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने फोनवर डोंबिवलीचं एक लॉज सुचवलं. आम्ही आलो त्याच रस्त्याने परत कळवा, मुंब्रा, शीळफाटा करत निघालो. माझ्या डोक्यात तेव्हा दादा नव्हता. मीच होते. इमारत पाडायची ठरली तेव्हा बाबांनी मला विचारलं होतं की नवं घर कुणाच्या नावावर घ्यायचं. दादाला ते त्याच्या एकट्याच्या नावावर हवं होतं. मी म्हटलं होतं, होऊ दे त्याच्या नावावर, तुम्हाला काय, त्याच घरात तर राहायचंय. मला कसलाही हिस्सा नको, असंही लिहून दिलं होतं. समंजस बहीण म्हणवून घ्यायची मला फार हौस होती. नातेवाइकांनी माझं कौतुक केलं, दादाने माझ्या आवडीची साडी घेतली. बाबांनी माझ्या भरवशावर सही केली होती.

डोंबिवलीचं ते लॉज एका मंगल कार्यालयाच्या वर होतं. काउंटरवर माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. त्यांनी कार्डं बघितली आणि तेच म्हणाल्या, ठाण्याचा पत्ता म्हणजे लोकलच झालं. मी खुर्चीत बसून घेतलं. माझ्यात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. त्या बाईंनी बाबांकडे एकवार पाहिलं आणि ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला.

"आजोबा, दोन ओळी लिहून द्या. घर असताना लॉजवर का राहताय ते. उद्या कोणी विचारलं तर मला दाखवायला लागतं."

बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. अर्ज लिहिणं, अर्ज तपासणं, हेच त्यांचं काम. त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, कागदाला डावीकडे समास सोडला आणि उभ्यानेच लिहायला लागले. अक्षर जुनंच, वळणदार. लिहून झाल्यावर त्यांनी सवयीने कागद वाचून दाखवला.

"मी खाली सही करणार, वय वर्षे एक्क्याऐंशी, मुलीच्या कुटुंबासोबत प्रवास करीत असून आपल्याकडे एक रात्र मुक्काम करू इच्छितो. माझ्या आधार कार्डावर ठाण्याचा पत्ता असला तरी सदर पत्त्यावर माझे आता कोणी राहत नाही. तरी परवानगी मिळावी, ही विनंती."

बाईंनी कागद घेतला, त्याला पंच मारला आणि फायलीत लावला. मग दोन चाव्या पुढे केल्या.

खोल्या बऱ्या होत्या. चादरी धुतलेल्या होत्या, कड्या पक्क्या होत्या, खालच्या कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं. मुलगी म्हणाली, मी आजोबांच्या खोलीत झोपते. भिंतीपलीकडून मला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. ती त्यांना हॉस्टेलच्या मेसचा मेनू वाचून दाखवत होती.

सकाळी भिवंडीवरून गुजरातच्या वाटेला लागलो. बाबा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसले होते. बराच वेळ गेल्यावर, कोणी काही विचारलेलं नसताना, ते मला म्हणाले, "तुझ्या आईने वर जाऊन बेल वाजवली असती."

मला ते लागलं, आणि खरंही होतं. मी बेल वाजवली नाही. परतीच्या वाटेवरही ठाणं टाळून आम्ही नाशिकवरून आलो.

आठवड्याने दादाचा फोन आला. नीट पोचलात ना, कुठे उतरला होतात, हॉटेल चांगलं होतं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हो, छान होतं. तो म्हणाला, बघ, मी म्हटलं नव्हतं? मी विषय बदलला. पाच मिनिटं माझ्या हातात होती आणि मी त्यात हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

त्यानंतर बाबांनी नवं घर बघायचं कधी नाव काढलं नाही. दिवाळीनंतर दादा एकटाच सांगलीला आला, मिठाईचा खोका घेऊन. बाबा त्याला दारापर्यंत सामोरे गेले. पंख्याखालची खुर्ची दिली, प्रवास कसा झाला विचारलं, नोकरीची चौकशी केली. मी आतून चहाचं विचारायला आले तेव्हा ते दादाकडे वळून म्हणाले, "तुम्ही साखर किती घेता?"

दादा हसला. बाबा गंमत करतायत असं त्याला वाटलं. बाबा उत्तराची वाट बघत बसून होते.