पस्तीस किलोचं बाळ

तुळसा तांडेलला बाळ हातात दिलं की ती आधी वजन सांगायची आणि मग ते काट्यात ठेवायची. काटा तिच्या मागोमाग यायचा. पन्नास-शंभर ग्रॅम इकडेतिकडे झालेच तर ती काट्याकडे अशा नजरेने बघायची की काट्यानेच माफी मागावी. डोंबिवलीच्या खाडीकडच्या मोठागावात ती सून म्हणून आली. माहेरी आणि सासरी मिळून वीस वर्षं तिने मासळी तोलली. नवरा गेल्यावर ती ट्रस्टच्या प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. शिक्षण सातवी. अक्षर मात्र वळणदार होतं, म्हणून जन्माच्या रजिस्टरात वजनं लिहायचं कामही तिच्याकडेच आलं.

तिचं कोणाबद्दलच फारसं बरं मत नव्हतं. डॉक्टर घाईचे, सिस्टरा नखरेल, बाळंतिणीच्या सासवा तर विचारूच नका. पण तिचा खरा राग राखून ठेवलेला होता तो कारखानीस साहेबांसाठी. हे प्रसूतिगृहाचे व्यवस्थापक. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि तिथली सगळी ऐट बरोबर घेऊन आले. टेबलावर घंटी, खिशात दोन पेनं, आणि अकरा महिन्यांच्या कारकिर्दीत एकदाही बाळांच्या खोलीत पाऊल नाही. तिथे म्हणे वास येतो.

शहाण्णव साली साहेबांनी कॉम्प्युटर आणला. त्याच्याबरोबर तानाजी म्हात्रे आला. बापाने घोडबंदरकडची भातजमीन बिल्डरला दिली आणि लेकाने त्या पैशांत कॉम्प्युटरचा क्लास काढला. सहा महिन्यांचा डिप्लोमा, पण बोलणं असं की हे यंत्र यानेच जन्माला घातलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पहिल्याच दिवशी साहेबांनी पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "ही तिरकी रेघ कसली? तारखेत टिंब हवं. आमच्या ऑफिसात तीस वर्षं टिंबच होतं."

जगात दुसरी कुठलीच अडचण उरली नसल्यासारखे दोघं त्या टिंबाच्या मागे लागले. तानाजीने बरीच खटपट केली. शेवटी, जिथे तारखेत टिंब देतात अशा कुठल्याशा परदेशाचं नाव त्याने यादीतून निवडलं आणि यंत्राला सांगून टाकलं की तू आता तिथला. तारखेत टिंब आलं. साहेब खूश झाले. त्या देशात दशांशाला टिंब चालत नाही, स्वल्पविराम लागतो, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. डोकं असेल तर येणार ना!

मग तानाजीने तुळसाच्या रजिस्टरातली जानेवारी ते एप्रिलची एकशे बेचाळीस बाळं यंत्रात भरली. अडीच किलोसाठी त्याने दोन टिंब पाच टाइप केलं की यंत्र समजायचं, मे महिन्याची दोन तारीख. रकान्यात तसंच दिसायला लागलं. एखाद्याने थांबून विचार केला असता. तानाजीने रकान्याला आकड्याचा साचा लावला, तशा तारखा गेल्या आणि त्यांच्या जागी, यंत्र तारखेसाठी आतून दिवस मोजतं त्या, पाच-पाच आकडी संख्या आल्या. तो निवांत चहाला गेला.

अडीच किलोच्या आतली बाळं वेगळी काढायची, हेच तर या यंत्राचं काम होतं. ती यादी साहेबांच्या सहीने गंगुबाई सिस्टरकडे जायची आणि गंगुबाई त्या बाळांच्या घरी जायची. बाळ कसं गुंडाळायचं, वाटी-चमच्याने दूध कसं पाजायचं, ते शिकवायची, दर आठवड्याला वजन घ्यायची. यादीत नाव नसेल त्या घरी कोणी जात नसे.

यादी छापून आली. तीवर दोन नावं होती.

तुळसाने कागद उलटा करून बघितला. मागे कोरा. एप्रिलमध्ये आंबिवलीच्या चंद्रभागेची मुलगी तिच्याच हातात आली होती, एक किलो आठशे. ती कुठे गेली? तुळसा थेट तानाजीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"चंद्रभागेचं नाव काढ."

तानाजीने काढलं. नावापुढे आकडा होता ३५२७८.

"ह्यो काय हाय?"

"वजन, मावशी. ग्रॅममध्ये असेल."

"पस्तीस किलो?" तुळसाने त्याच्याकडे खालून वर बघितलं. "अरे, बाईने पोर काढलं का हत्तीचं पिल्लू? तू कधी बाळ बघितलंस का रे?"

"मावशी, कॉम्प्युटर चुकत नाय."

"मग कोण चुकतं, मी? चल, माझ्यासमोर टाक. एक टिंब आठ."

त्याने नवीन चौकटीत टाकलं. पडद्यावर उमटलं, एक ऑगस्ट. तुळसाने बोटांच्या पेरांवर महिने मोजले. ऑगस्ट आठवा. मग तिने दोन टिंब एक टाकायला लावलं, दोन जानेवारी आलं. नुसता दोन टाकायला लावला, तो मात्र दोनच राहिला. यादीत ती दोनच नावं का उरली तेही कळलं. तिने पूर्ण दोन किलोच्या बाळांपुढे नुसता दोन लिहिला होता. ज्याच्या वजनात टिंब, त्याची तारीख झाली होती आणि ते पस्तीस किलोचं धष्टपुष्ट होऊन यादीतून बाहेर पडलं होतं.

"तुझ्या यंत्राने पोरांचं कॅलेंडर केलंन," ती म्हणाली. "बंद कर ते टिंबाचं."

तानाजीचा चेहरा पडला. "साहेब ओरडतील. त्यांना तारखेत टिंब पायजे."

इथे तुळसाला दोघांचीही एकदम किळस आली. पण ओरडून बाळाचं नाव यादीत येणार नव्हतं.

"मग वजनात टिंबच नको. एक टिंब आठ नको, अठराशे लिव. सगळी ग्रॅममध्ये. मग कशाची तारीख करतंय बघू."

तानाजीने १८०० टाकलं. अठराशेच राहिले. डिप्लोमा केलेल्या माणसाला ते सुचलं नव्हतं. त्याने "हा, असं पण होतं" असं म्हणून ते आपलंच करून टाकलं. दुपारभर ती रजिस्टरातून वाचत गेली आणि तो टाइप करत गेला. नवी यादी निघाली. आधीची दोन आणि आणखी एकोणीस.

साहेबांनी नवा कागद बोटाच्या टोकाने बाजूला सरकवला.

"तुळसाबाई, अहवाल वर गेला. एकशे बेचाळीसमध्ये फक्त दोन. जिल्ह्यात कोणाचाही असा आकडा नाही. येत्या पंचवीस तारखेला आपला सत्कार आहे. आता एकोणीस बाळं कुठून आणू?"

"आणायची नाय साहेब. ती हायेत."

"पुढच्या तिमाहीत बघू."

"तोवर काय ती वाढायची थांबणार?"

साहेबांनी घंटी वाजवली. म्हणजे तुम्ही जा. तुळसाने गंगुबाईलाही गाठलं. ती बरी बाई होती, पण सहीशिवाय तिला बसभाडं मिळत नव्हतं आणि बाहेर पडायची परवानगीही. तुळसा स्वतः दोन रविवार तीन घरं हिंडून आली. एकटी बाई एकोणीस घरांना कशी पुरी पडणार? त्यात आंबिवलीचा पत्ता अपुरा निघाला, चाळीचं नावच नव्हतं. त्या संतापाने तिला दोन दिवस घास गिळवला नाही.

पंचवीस तारखेला प्रसूतिगृहाच्या अंगणात मांडव पडला. हार, नारळ, शाल, जिल्ह्याहून आलेले पाहुणे. साहेबांनी कोट घातला होता, मे महिन्यात. भाषणात कॉम्प्युटरचं नाव अकरा वेळा आलं, आयांचं एकदाही नाही.

त्याच सकाळी चंद्रभागा बाळ दाखवायला आली. सव्वा महिन्याची मुलगी. तुळसाने हातात घेतली. काट्यात ठेवली. एक किलो साडेआठशे. सव्वा महिन्यात अवघे पन्नास ग्रॅम.

तुळसाने मुलीला दुपट्यात गुंडाळलं, दुसऱ्या हातात यादी घेतली आणि सरळ मांडवात गेली. साहेब माइकपाशी होते.

"साहेब, सही."

साहेब दात दाखवत हळूच म्हणाले, "आत्ता नाही. काय आहे हे?"

"तुमच्या अहवालातलं पस्तीस किलोचं बाळ."

माइक चालू होता. पुढच्या खुर्च्यांवर कोणी तरी हसलं. पाहुण्यांनी मान वळवली.

"काट्यात बिघाड असेल," साहेब म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं.

"ऱ्हाऊ दे काटा. तुम्ही धरा. तुम्हीच सांगा किती भरतं."

तिने पोर त्यांच्या कोटाच्या बाह्यांवर ठेवलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच त्या माणसाने आपल्या प्रसूतिगृहातलं बाळ धरलं होतं. ते रडलं नाही, रडायला अंगात जोरच नव्हता. साहेबांना ते कसं धरावं तेही कळेना. सगळा मांडव बघत होता, म्हणून, फक्त म्हणून, त्यांनी पेन काढलं. सही झाल्यावर गंगुबाई चंद्रभागेला घेऊन त्याच पावली आंबिवलीला निघाली.

ती मुलगी वाचली. पुढचे पंधरा दिवस गंगुबाई यादीतली घरं घेत गेली, टिटवाळ्यापर्यंत. एके दिवशी संध्याकाळी ती साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली. तुळसा दाराशी होती. गंगुबाई म्हणाली, सगळी घरं झाली. दोन घरी वजन करायला बाळ नव्हतं. एक बाळ मेच्या पहिल्याच आठवड्यात गेलं होतं. दुसरं सत्काराच्या आदल्या दिवशी.

साहेबांनी यादीचा कागद पुढे ओढला. मग पेनाचं टोपण काढत म्हणाले, "म्हणजे आता सतराच ना?"

तुळसा आत आली. तिने त्यांच्या हाताखालून कागद ओढून घेतला.

"एकोणीस, साहेब," ती म्हणाली, आणि यादी घेऊन बाळांच्या खोलीत निघून गेली.