तोटा दाखवणारे अण्णा

माधवअण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा रडू नंतर आलं. आधी हायसं वाटलं. कारण त्याच आठवड्यात जयनगरला त्यांच्या घरी जाऊन मी सांगून आलो होतो, "अण्णा, आपली शाखा बंद होत नाही. जमीन विकली गेली, कर्ज वसूल झालं." त्यावर ते कानडीत एवढंच म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक. आणि डॉक्टरांनी बंद केलेली साखर घालून कॉफी मागितली... त्यांच्या पत्नीनं, आमच्या अक्कांनी, ती निमूटपणे दिलीही!

पुण्याहून बदली होऊन मी बेंगळुरूला आलो, तेव्हा अण्णा आमच्या बँकेच्या इथल्या शाखेचे शाखाधिकारी होते. घराणं इथलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. शाखेत मराठी फक्त आम्हा दोघांना येई, त्यामुळे वरच्या ऑफिसातून येणाऱ्या साहेबांना त्यांच्यासमोरच नावं ठेवता यायची. कर्ज देण्याआधीची अण्णांची परीक्षा अजब होती. चिकपेटेतल्या साडीवाल्याचा अर्ज आला की हे अनोळखी गिऱ्हाईक होऊन दुकानात जाणार, साडी निवडणार आणि पैसे उद्या देतो म्हणणार. जो लगेच बांधून देई, त्याचा अर्ज बारगळलाच. "ओळखदेख नाही आणि मला उधार देतो! आपले पैसे पण असेच वाटणार की." दुसऱ्या दिवशी साडीचे पैसे चुकते व्हायचे. अक्कांचं कपाट नामंजूर अर्जांनी भरलंय, असं मी चिडवायचो.

देवनहळ्ळीच्या लेआउटवाल्याचं मोठं कर्ज मात्र वरूनच मंजूर होऊन आलं होतं. प्लॉट विकले जाईनात, हप्ते थांबले. साहेबांनी सुचवलं, नवं कर्ज द्या, त्यातून जुन्याचं व्याज भरून घ्या, कागदावर सगळं छान दिसेल. मलाही ते पटलं. बढती तोंडावर होती. अण्णा म्हणाले, "स्वल्प थांब रे. आपल्याच एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचे आणि त्याला नफा म्हणायचं?" त्यांनी कर्ज थकीत दाखवलं. ते बुडालं तर म्हणून नफ्यातून मोठी रक्कम बाजूला काढावी लागली, शाखा तोट्यात गेली, नवी कर्जं देणं जवळपास थांबलं आणि बंद करायच्या शाखांत आमचं नाव आलं. माझी त्या वेळची बढती गेली ती गेलीच. असा चिडलो होतो मी! अण्णा निवृत्त झाले, पण दर फोनवर तोच प्रश्न, "शाखा आहे ना रे?" आपणच ती बुडवली की काय, ही टोचणी त्यांना होती. व्याजाचं सोंग चालू ठेवलं असतं, तर ती जमीन विकायला कुणी काढलीच नसती आणि खड्डा वाढतच गेला असता, हे मला फार उशिरा उमगलं.

परवा अक्का शाखेत आल्या. अण्णांच्या केबिनमध्ये आता मी बसतो. अण्णांच्या नावावरची आयुष्यभराची ठेव इथंच आहे. पडत्या काळात मुलगा मागं लागला, तरी त्यांनी ती हलवली नव्हती. अक्का आता पैसे मुलाकडे नेणार, असं धरून मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो परत सरकवला.

"काढायचे कशाला? नाव तेवढं बदल," त्या म्हणाल्या. "तोटा झाला तर इथं सांगतात. मी बघितलंय."