गोल्डन रॉडचा वाफा

परसातला गोल्डन रॉड यंदा पुन्हा फुललाय. पिवळ्या तुऱ्यांवर मधमाश्या इतक्या, की वाफाच गुणगुणतोय असं वाटतं. ते ऐकलं की मला शेजारच्या शकूमावशी आठवतात. लघवीच्या त्रासावर त्या याच फुलांचा काढा घ्यायच्या.

तीन वर्षांपूर्वी तुऱ्यांवर मावा पडला, म्हणून मी संध्याकाळी औषध फवारलं. सकाळी पाहिलं, तर वाफ्यात मेलेल्या मधमाश्यांचा सडा पडलेला. तेवढ्यात कुंपणापलीकडून मावशी म्हणाल्या, "पहाटेच मूठभर फुलं नेली हो तुमची. काढा घेतलासुद्धा. तुम्हाला देऊ का?"

फवारलंय, एवढंच सांगायचं होतं. मी ओशाळून "नको" म्हणालो आणि घरात आलो.

त्यानंतर त्या महिनाभर रोज अंगणात दिसत होत्या. मग अंथरुणाला खिळल्या आणि दिवाळीआधी गेल्या. किडन्या थकल्या होत्या, असं डॉक्टर म्हणाले. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मीही मान हलवली.

आज त्यांची सून कुंपणाशी आली. "भाऊ, ही फुलं काढ्याला चालतात ना?"

"आता चालतात," मी म्हणालो.

"आता म्हणजे?" तिने विचारलं, आणि ती माझ्याकडे बघत उभी राहिली.