ओ दिली, तरी गैरहजर

माझं नाव पुकारलं तेव्हा मी अंगणात उन्हात उभा होतो. टेबल वर पडवीत. मधे तीन पायऱ्या.

"हजर, साहेब!" मी ओरडलो.

हेडक्लार्कनं मान वर केली नाही. पुन्हा नाव घेतलं. मी पुन्हा ओ दिली, लष्करात देतात तशी, छाती पुढं काढून. पडवीत बाकांवर बसलेले वीसेक जण वळून बघायला लागले. एक जण फिसकन हसला. हेडक्लार्कनं वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

काय लिहिलं ते मला तीन महिन्यांनी कळलं.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. मी हुबळीचा. कमरीपेठ ओलांडून पुढं गेलं की आमचा महारवाडा. अप्पा, माझा बाप, मेलेली जनावरं ओढायचा. कुणाचा बैल मेला की रस्त्यावरून हाक यायची. अप्पा आतून ओ द्यायचा आणि खुंटीवरचा दोर काढायचा. ताट पुढ्यात असलं तरी उठायचा. त्या दोराला हात लावायचा नाही म्हणून मी लष्करात पळालो. चार वर्षं लॉऱ्यांच्या पोटाखाली काढली. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचो. गोरा साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून हसायचा. मग लढाई संपली, सुटकेचा कागद हातात पडला आणि मी परत त्याच दारात, त्याच खुंटीसमोर.

लष्करातून सुटून आलेल्या बेकारांसाठी सरकारनं धारवाडला एक कचेरी उघडली होती. तिथं नाव नोंदवायचं. ज्याला काम नाही त्याला पुण्याला मोटारकामाच्या शिक्षणाला पाठवणार, तोवर पोटाला भत्ता देणार, आणि शेवटी दाखला. लष्करात शिकलेलं बाहेर कोण मानतो? पण सरकारी दाखला असला की बस कंपनी दारात उभं करणार होती. मला तो दाखला हवा होता. तो मिळाला असता तर दोर सुटला असता, माझा आणि माझ्या पोरांचाही. माझ्या बायकोला, ताराला, तेव्हा चौथा महिना होता. ती कापसाच्या जिनात कामाला जायची आणि घरी आली की विचारायची, "पुण्याचं काय झालं?"

कचेरी सरकारी, पण घर भाड्याचं. मालक माडीवर राहायचे. त्यांचं सोवळं कडक. पहिल्या दिवशी मी पहिल्या पायरीवर बूट ठेवला तोच बसप्पा शिपाई आडवा आला. वाईट माणूस नव्हता तो. हळूच म्हणाला, "अल्ले निल्लप्पा." तिथंच उभा राहा बाबा.

आणि मी थांबलो.

हे मी कुणाला सांगत नाही, पण आज सांगतो. चार वर्षं मी साहेबाच्या तंबूत ताठ मानेनं शिरत होतो, मेजावर वाकून सही करत होतो. आणि घरच्या मातीत एका शिपायाच्या एका शब्दानं माझे पाय खिळले. कुणी ढकललं नाही, मारलं नाही. पायांना सवय होती. हेडक्लार्कवर आला नाही एवढा राग मला माझ्या त्या पायांचा येतो.

कागद पायरीवर ठेवायचा, मागं सरायचं, मग बसप्पा उचलणार. हेडक्लार्क मात्र गोड. आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी अहो-जाहो केलं असेल तर त्या माणसानं. वरूनच म्हणाले, "अहो, माझं काही नाही बरं का. घर दुसऱ्याचं आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजेरी द्या. हजेरी चुकवू नका."

मी चुकवली नाही. हुबळी ते धारवाड बारा-तेरा मैल. पहाटे निघायचो आणि चालत यायचो, बूट खांद्यावर टाकून, झिजू नयेत म्हणून. धारवाडात शिरलो की पाय धुऊन बूट घालायचो. अंगणात उभा राहायचो. नाव आलं की ओ द्यायचो. बसप्पा म्हणायचा, "आतु, होगप्पा." झालं, जा. मी खूश होऊन परत बारा-तेरा मैल. असे तीन सोमवार. तिसऱ्या वेळी पाऊस होता, तरी अंगणातच.

चौथ्या सोमवारी माझं नाव आलंच नाही. सगळे संपले, बाकं रिकामी व्हायला लागली. मी बसप्पाला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "निन्न हेसरु तेगदारप्पा." तुझं नाव काढलंय.

मी अंगणातून ओरडलो, "साहेब, माझं नाव का काढलं?"

हेडक्लार्कनं वही चाळली, चष्मा पुसला. "अहो, तुम्ही तीनदा गैरहजर आहात. तीनदा गैरहजर राहिलं की नाव रद्द होतं. भत्त्याचा अर्जही रद्द."

"मी तिन्ही वेळा इथंच उभा होतो. ओ दिली की!"

"ओ ऐकू आली. सही कुठं आहे?"

"कसली सही?"

"हजेरी म्हणजे टेबलासमोर येऊन सही. नियमच तसा आहे."

"मग वर येऊ?"

ते माडीकडं बघून हसले, मी काहीतरी पोरकट बोललो असावं तसं. "घर दुसऱ्याचं आहे हो."

पडवीत गुरुनाथ होता. अळणावरकडचा शेतकऱ्याचा पोर, माझ्याच तुकडीतला. चिखलात रुतलेली त्याची लॉरी मी रात्रभर खपून काढली होती. तेव्हा गळ्यात पडून मला अण्णा म्हणाला होता. तो उठला, म्हणाला, "साहेब, मी वही खाली नेतो. तो खाली सही करंल."

"वही कचेरीबाहेर जाणार नाही. सरकारी कागद आहे."

वही खाली येणार नाही, मी वर जाणार नाही. गुरुनाथ खाली बसला. माझ्याकडं बघेना, स्वतःच्या पायांकडं बघत राहिला. मी मात्र त्याच्याकडं बघत होतो, अजून काहीतरी बोलेल म्हणून.

"नवा अर्ज करा," हेडक्लार्क म्हणाले. "पण पुण्याची यादी पुढच्या सोमवारी जाते. त्यात काही बसायचं नाही."

मी हात जोडले. खोटं कशाला बोलू? पायरीसमोर गुडघे टेकले. म्हणालो, बायको पोटुशी आहे, साहेब. ते म्हणाले, "अहो उठा, उठा, हे बरं दिसत नाही." आणि खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड करून आत गेले.

घरी येऊन ताराला काय सांगणार? सांगितलं, पुढच्या सोमवारी बोलावलंय. तिनं त्यानंतर पुण्याचं नाव काढलं नाही. तिला कळलं असणार. सकाळी हाक आली. अप्पानं ओ दिली. खोकत खोकत दोर काढला आणि दाराशी थांबला. "चल की रं. येकल्याला वडत न्हाई आता." मी गेलो. चार वर्षं ज्या दोराचं स्वप्न पडलं की दचकून उठत होतो तो हातात घेतला. बैल मोठा होता. भर पेठेतून ओढत नेला. लोक नाकाला धोतराचा सोगा लावून बाजूला होत होते. वाटेत एक लॉरी बंद पडली होती आणि ड्रायव्हर उगाच हँडल मारत होता. आवाजावरून मला दुखणं कळलं. मी तोंड उघडणार एवढ्यात तो खेकसला, "ए, लांबनं न्हे ते!" मी लांबून नेलं.

त्या दिवशी मला एक समजलं. अप्पा आयुष्यभर आतून ओ देत आला. मी बाहेरून दिली. दोघांनाही हाक मारणाऱ्यानं माणूस म्हणून मोजलं नाही. आवाज आला, काम झालं, एवढंच.

सोमवारी मी परत धारवाडला गेलो. यादी त्या दिवशी दुपारी जाणार होती. बूट घातले, दोन्ही नाड्या आवळून बांधल्या. अंगणात आलो पण थांबलो नाही. बसप्पा आडवा आला. "बसप्पा, सरक," मी म्हणालो. तो का सरकला ते मला अजून माहीत नाही. पहिली पायरी. पाय मागं ओढत होते, मोठेपणा कशाला सांगू? दुसरी. तिसरी. बाकांवरचे उठून भिंतीला चिकटले. माडीवरून बाईमाणूस किंचाळलं.

मी टेबलासमोर उभा राहिलो.

"हजर," म्हणालो. ओरडलो नाही. एवढ्या जवळ ओरडायची गरज नव्हती.

हेडक्लार्कची खुर्ची मागं गेली. त्या गोड तोंडातून तेव्हा पहिल्यांदा खरं बाहेर पडलं. "खाली हो! आधी खाली हो, माजलास?" अहो-जाहो एका क्षणात संपलं. मी वही माझ्याकडं फिरवली. माझं नाव होतं, त्यावर लाल रेघ. पुढं तीन खान्यांत तीनदा एकच शब्द, गैरहजर, सुंदर वळणदार अक्षरात. मी टाक उचलला, शाईत बुडवला आणि चौथ्या खान्यात सही केली. शाई सांडली थोडी.

"ही सही चालणार नाही," ते ओरडत होते.

"नका चालवू. पण मी आलो नाही असं लिहू नका."

मग चौघांनी मला ओढून अंगणात टाकलं. त्यांत गुरुनाथ नव्हता, तो भिंतीलाच होता. पोलीस आला. दोन दिवस कोठडीत ठेवलं, मारलं आणि सोडलं. यादी गेली. पुणं गेलं, भत्ता गेला, दाखला गेला. बस कंपनीच्या दारात मी कधीच उभा राहिलो नाही. कुणी म्हणतं, फायदा काय झाला? काहीच नाही झाला. मी ठेल्यावर लाकडं ओढली, जिनात गाठी उचलल्या. मोटारीच्या पोटाखाली पुन्हा गेलो नाही. तारानं बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत जिनात कापूस निवडला, त्याचा राग तिच्या डोळ्यांत बरीच वर्षं होता.

कोठडीतून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून हाक आली. अप्पा तापानं फणफणला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. "ओ दे की रं," म्हणाला, "म्हातारा झालो मी. पोट कोण भरणार?" पुन्हा हाक आली. मी गप्प. मग अप्पा स्वतःच उठला, ओ दिली, दोर काढला आणि झोकांड्या खात गेला. मी त्याला अडवलं नाही आणि त्याच्याबरोबर गेलोही नाही. त्याची लाज मला मरेपर्यंत राहील.

तरी ओ दिली नाही. त्यानंतर आजवर कधीच दिली नाही. ज्याला माझ्याशी काम आहे त्यानं मला वर घ्यावं, समोर उभं करावं, माझ्या तोंडाकडं बघावं. वर घेत नसेल तर मी माझ्या पायांनी चढेन आणि पुन्हा फेकतील तर पुन्हा चढेन. अंगणातून कुणालाही ओ देणार नाही.