तळहाताचा ठसा

शेजारच्या घराला नवा रंग लागतो आहे. दुपारभर थिनरचा वास कुंपण ओलांडून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो, आणि मी खिडकी लावून घेतो. वीस वर्षं होत आली, तरी त्या वासाबरोबर हाताची बोटं आपोआप मिटतात.

तेव्हा त्या घरात एक म्हातारी बाई एकटी राहायची. मूळची रेवदंड्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी यहुदी. परदेशातल्या हेन्डरसन उपनगराच्या या गल्लीत येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता, तेव्हा "ओला नारळ कुठल्या दुकानात मिळतो ते सांगू का रे?" असं खास कोकणी हेल काढून तिनं कुंपणावरून विचारलं आणि ती आमची मावशी झाली. "आम्हाला गावात शनवारतेली म्हणायचे. शनिवारी तेलाचा घाणा बंद." हा नेम तिनं समुद्रापार आणला होता. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तिची भाची तिला शहरात, त्यांच्या प्रार्थनामंदिराजवळच्या घरी घेऊन जाई. शनिवारी ती फोनही उचलत नसे.

२००५ सालचा जून. शनिवारी सकाळी बघतो, तर तिच्या गॅरेजच्या दारावर हातभर उंचीची लाल अक्षरं. यहुद्यांना दिलेली शिवी, आणि खाली 'चालते व्हा'. त्याआधी दोनदा अंडी फेकून झाली होती, एकदा टपालपेटी फोडून झाली होती. तिन्ही वेळा तिनं तक्रार केली होती आणि पुरावा नाही, असंच उत्तर आलं होतं. तिला विचारावं, तर फोन लागणार नव्हता. माझ्या मनात एवढंच आलं, की शनिवार आहे, आज ती याला हात लावणार नाही, रात्री परतली की उद्यापर्यंत हे बघत बसेल. मी थिनरचा डबा काढला. शेवटच्या अक्षराशी ओल्या रंगात कुणाचा तरी हात टेकला होता. जमिनीपासून साडेचार फुटांवर चार बोटं स्वच्छ उमटली होती, अंगठा पुसट. तोही मी पुसला. तीन तास लागले.

अंधार पडल्यावर भाचीनं तिला सोडलं. गाडीच्या दिव्यात दार चकचकत होतं.

"तू धुतलंस?"

"हो मावशी. म्हटलं, शनिवारी तुम्ही कसं..."

ती पायरीवर बसली. "काल दुपारीच झालं रे हे. जायच्या आधी फोन केला मी. या वेळी त्यांनी ऐकलं. हात लावू नका म्हणाले, सोमवारी माणूस येऊन ठसा घेईल." पायातले बूट काढता काढता म्हणाली, "शनिवार मी पाळते. पोलिसही पाळतात, हे नव्हतं मला ठाऊक." मग माझ्या हाताकडे बघून, "सोलली की रे कातडी. आत ये, तेल लावते."

ती रागावली असती, तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी आलेला पोलिस तरुण आणि सभ्य होता. फोटो काढलाय का, त्यानं विचारलं. नव्हता काढला. मी उंची सांगितली, बोटं सांगितली, भिंतीवर माझाच पंजा टेकवून दाखवला. त्यानं दोन ओळी लिहिल्या आणि, शेजारी असावा तर असा, असं इंग्रजीत म्हणत माझी पाठ थोपटली. मावशी दारात उभी राहून ऐकत होती.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. इंग्रजी तिला माझ्याइतकंच येत होतं, तरी तिनं ते मला मराठीतून वाचायला लावलं. पुराव्याअभावी चौकशी थांबवण्यात येत आहे. काही नवीन घडल्यास जरूर कळवावे. मी वाचत असताना ती स्क्रूड्रायव्हर शोधत होती. यहुद्यांच्या दाराच्या चौकटीला बाहेरून एक लहानशी डबी ठोकलेली असते, आत प्रार्थनेचा कागद. घरात शिरताना मावशी डबीला बोटं लावून ती ओठांशी नेत असे. ती डबी तिनं काढली आणि चौकटीच्या आतल्या बाजूला बसवली, रस्त्यावरून दिसणार नाही अशी.

त्यानंतर ती तिथं चार वर्षं राहिली. पुन्हा कुणी काही लिहिलं नाही, कारण तिथं कोण राहतं, हे आता कुणाला कळत नव्हतं. तिनंही एकही तक्रार केली नाही. त्या चार वर्षांत आमची गल्ली पोलिसांच्या कागदावर सुरक्षित म्हणून नोंदली गेली असेल.